पाण्याची खोली आणि रोहितांची जागा

जानेवारी उजाडला की पुण्या-सोलापूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. सायबेरियातून हजारो किलोमीटरचं अंतर कापून परदेशी पाहुणे भिगवणला दाखल झाले, पर्यटकांची गर्दी वाढली, आणि शेवटच्या परिच्छेदात कुणीतरी मागणी केलेली असते की भिगवणला पक्षी अभयारण्य जाहीर करावं. बातमी वर्षानुवर्षं तीच राहिल्यामुळे तिच्या पोटातलं गृहीतकही पक्कं होऊन बसलं आहे. रोहित पक्ष्याची, म्हणजे आपल्या अग्निपंखाची किंवा सरळ फ्लेमिंगोची, उतरण्याची एक ठरलेली जागा असते. ती त्याच्या स्मरणात कोरलेली असते. दरवर्षी तो तिथंच येतो. म्हणून ती जागा सांभाळली की पक्षी सांभाळला गेला, असं ते गृहीतक आहे. मला ते मान्य नाही. त्यातला प्रत्येक तुकडा तपासून पाहिला तर फार थोडं हाती उरतं. आणि हा वाद हौशी पक्षीनिरीक्षकांपुरता राहत नाही, कारण भिगवणजवळच्या उजनी जलाशयाच्या काठाचं पुढं काय करायचं हे त्याच्यावर अवलंबून आहे.

आधी या मताला त्याचं पूर्ण बळ देऊ. ते मांडणारी माणसं जाणती आहेत. त्यांचा पहिला आधार असा की पक्षी जागेशी एकनिष्ठ असतात, हे पायात कडी घालून केलेल्या अभ्यासांतून जगभर दिसून आलं आहे. दुसरा आधार डोळ्यांनी पाहिलेला आहे: इंदापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाला कुंभारगाव आणि डिकसळच्या पाण्यावर हजारो लोकांनी रोहितांचे थवे पाहिले आहेत, एका वर्षी नव्हे, अनेक वर्षं. तिसरा आधार कायद्याचा, आणि तोच सगळ्यांत वजनदार. कायद्याला हद्द लागते, गट नंबर लागतात. पाणथळ जागांसाठी २०१७ साली केंद्रानं जे नियम केले, त्यांच्या व्याख्येतून सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. उजनी त्या छत्राखाली येत नाही. मग वन्यजीव कायद्याखाली हद्द आखून अभयारण्य करणं, याखेरीज हातात काय राहतं? चौथा आधार शेजारच्या बारामती तालुक्यातला. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य झालं, १९९७ साली. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं माळरान, पण चिंकारा तिथं टिकला. सुप्याला जे साधलं ते भिगवणला का साधू नये?

सायबेरियाचा मुद्दा लवकर निकालात काढता येतो. उजनीवर दिसणारा मोठा रोहित सायबेरियात घरटं करत नाही. भारतातली त्याची मोठी वीण कच्छच्या रणात होते. सलीम अली १९४५ साली तिथल्या वसाहतीत जाऊन आले आणि त्या वर्षी पक्ष्यांची संख्या पाच लाखांच्या घरात असावी असा त्यांचा अंदाज होता. भिगवणपासून ते रण हवाई अंतरानं आठशे किलोमीटरच्या आसपास आहे. ठाण्याच्या खाडीत २०२२ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं काही छोट्या रोहितांवर उपग्रहाद्वारे माग देणारी यंत्रं बसवली, तेव्हा त्यांची वाट गुजरातकडे गेलेली दिसली. उजनीवर उत्तरेकडून, मध्य आशियातून येणारे पक्षी आहेतच: बदकांच्या काही जाती, चिखलपक्षी, करकोचे, पट्टकादंब. त्यांच्या प्रवासाचं कौतुक जरूर करावं. पण त्यांचं बिऱ्हाड रोहिताच्या पाठीवर लादल्यानं एक मोठी गोष्ट झाकली जाते. कच्छचं रण दरवर्षी भरत नाही. पावसानं साथ दिली, पाणी हव्या त्या उंचीवर थांबलं, तरच तिथं मातीची घरटी उभी राहतात. नाहीतर वीण होतच नाही. ज्या पक्ष्याचं जन्मघरच असं पाण्याच्या मर्जीवर दिसतं आणि नाहीसं होतं, त्याला भटका म्हणायला हवं. ठराविक पत्त्यावर पोचणाऱ्या यात्रेकरूची सवय त्याला लागली असती तर तो टिकला नसता.

स्थलनिष्ठेचा पुरावाही नीट वाचायला हवा. फ्रान्सच्या दक्षिणेला कामार्गच्या दलदलीत १९७७ पासून रोहितांच्या पायात दुरून वाचता येतील अशी कडी घातली जातात. त्यातून कळलेली गोष्ट दुहेरी आहे. विणीच्या वसाहतीकडे पक्षी परततात, हे खरं. पण खाण्यासाठी तेच पक्षी स्पेन, सार्डिनिया, तुर्कस्तान, उत्तर आफ्रिका असे भूमध्य समुद्राभोवती पसरतात, आणि एका वर्षीचा हिवाळा दुसऱ्या वर्षी तिथंच काढतील याची खात्री नसते. स्पेनमधल्या फुएन्ते दे पिएद्रा या खाऱ्या सरोवरातले पक्षी तर पिलं वसाहतीत ठेवून दीडशे किलोमीटर आणि त्याहूनही दूरच्या दलदलीत खायला जातात, कारण उन्हाळ्यात त्यांचं सरोवर आटतं. निष्ठा घरट्याशी आहे. अन्नाच्या जागेशी नाही. उजनीवर रोहित घरटं करत नाही, तो इथं खायला येतो. म्हणजे पूर्वपक्षानं दिलेला पुरावा खरा असूनही इथं लागू पडत नाही.

आता उजनीकडे येऊ. इंदापूरच्या काठावर राहणाऱ्या माणसाला माहीत असलेली, पण बातमीत कधी न येणारी गोष्ट इथं आहे.

भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं. पाणी इंदापूर, दौंड, करमाळा, माढा आणि कर्जत अशा पाच तालुक्यांत पसरलं. एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला उपयुक्त साठा साडेत्रेपन्न टीएमसी (५३.५७) आणि त्याखालचा मृत साठा ६३ टीएमसीहून अधिक. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर, उपयुक्त साठा संपतो ती पातळी ४९१.०३ मीटर. या दोन आकड्यांमधलं अंतर पाहा: ५.८ मीटर. दोन मजली घराएवढ्या उंचीत साडेत्रेपन्न टीएमसी पाणी मावतं. टीएमसीचं घनमीटरमध्ये रूपांतर करून भागाकार केला तर त्या पट्ट्यातला पाण्याचा सरासरी पसारा २६० चौरस किलोमीटरच्या आसपास येतो. उजनीचा जलाशय परातीसारखा उथळ आहे, आणि रोहितांच्या बाबतीत निर्णायक ठरणारी गोष्ट हीच.

उथळ भांड्यातलं पाणी थोडं उतरलं तरी कडा लांब सरकते. काठाचा उतार दोनशेला एक धरला, तर पातळी ५.८ मीटर खाली येताना काठ एक किलोमीटरहून जास्त आत जातो. सपाट जागी त्याहून कितीतरी जास्त. हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. दिवाळीत त्याची मोटार बांधाला लागून असते. मार्चमध्ये तो पाइपाचे तुकडे जोडत, केबल ओढत पाण्यामागं चाललेला असतो. एप्रिल-मेमध्ये मोटारीपर्यंत पाणी आणण्यासाठी जेसीबीनं चारी खोदावी लागते. मागं उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेर होते: मका, कडवळ, कुठं कांदा. पुढच्या पावसाळ्यात ती जमीन पुन्हा पाण्याखाली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर आलं की गावं समजतात की धरण किती खाली गेलं. काठावरच्या माणसाच्या बोलण्यात धरण ‘प्लसमध्ये’ असतं किंवा ‘मायनसमध्ये’, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्यात, आणि त्याचं वर्षभराचं नियोजन त्या एका शब्दावर हलतं. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती शंभर टक्के भरली. चार महिन्यांच्या आत एकाच गावाचा काठ कुठून कुठं गेला असेल, याचा अंदाज बांधा.

आता रोहित. उभा राहिला तर सव्वा ते दीड मीटर, त्यातली निम्मी उंची पायांची. चोच उलटी पाण्यात घालून, जिभेच्या पंपानं गाळमिश्रित पाणी आत-बाहेर करत तो त्यातल्या अळ्या, बारीक गोगलगायी, शेवाळ, बिया गाळून घेतो. पुष्कळदा एकाच जागी गोल फिरत पाय आपटत गाळ ढवळतो, आणि पाणी ओसरल्यावर त्या ढवळलेल्या जागी गाळात कडं उरतं, मध्ये उंचवटा आणि भोवती खळगा. वाकून ते कडं पाहिलं की कळतं, पक्ष्याचे पाय तळाला टेकलेले होते आणि चोचही तळापर्यंत पोचत होती. तो पोहू शकतो, बदकासारखा शेपूट वर करून डोकं बुडवूही शकतो; पण पोटभर चरायचं तर त्याला गुडघ्यापासून पोटापर्यंतचं पाणी आणि खाली मऊ गाळ लागतो. साधारण हातभर ते पाऊण मीटर. उजनीसारख्या जलाशयात या खोलीचा पट्टा काठाच्या आतून एखाद्या फितीसारखा जातो, आणि काठ सरकला की फीतही सरकते. धरण तुडुंब असतं तेव्हा ही फीत बांधावर, बाभळींच्या बुंध्यांत, उसाच्या कडेला जाऊन अडते, तिथं चरायला काही नसतं. म्हणूनच ज्या वर्षी पाणी उशिरापर्यंत भरलेलं राहतं, त्या वर्षी ‘फ्लेमिंगोंचं आगमन लांबलं’ अशी बातमी येते. बातमीदारानं स्वतःच्याच दोन बातम्या शेजारी ठेवल्या तर उत्तर त्याच्या हातात पडेल: पक्षी दिनदर्शिकेनं येत नाही, तो पाण्याच्या पातळीनं येतो.

इथं एक ढोबळ हिशेब मांडतो, कारण सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. सोलापूर शहराला पिण्यासाठी भीमेच्या पात्रातून औजच्या बंधाऱ्यापर्यंत पाणी सोडण्याची पद्धत वर्षानुवर्षं चालत आली. नदीचं कोरडं पात्र भिजवत जायचं म्हणून एका आवर्तनाला पाच-सहा टीएमसी जातं. सहा टीएमसी म्हणजे सतरा कोटी घनमीटर. २६० चौरस किलोमीटरच्या पसाऱ्यावर ते पसरलं तर पातळी साधारण ६५ सेंटिमीटर उतरते. ६५ सेंटिमीटर, म्हणजे रोहिताच्या चरण्याच्या पट्ट्याची जवळजवळ पूर्ण खोली. आवर्तन सुरू होताना जिथं पक्षी पोटापर्यंतच्या पाण्यात उभा होता तिथं आवर्तन संपताना घोट्याएवढं पाणी किंवा नुसता चिखल असतो, आणि दोनशेला एकच्या उतारावर नवा पट्टा १३० मीटर आत गेलेला असतो. पातळी मृत साठ्यात गेली की पसारा आणखी आक्रसतो, आणि तेवढ्याच पाण्यानं उतार याहून मोठा होतो. एका आवर्तनात जागा बदलली. गट नंबर मात्र तोच राहिला.

‘उतरण्याची जागा’ म्हणजे आधीपासून ठरलेला बिंदू, ही कल्पना इतर क्षेत्रांतही लोकांच्या डोक्यात घट्ट आहे, आणि तिथल्या संशोधनानं ती कधीच मागं टाकली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यानं दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या दृष्टीचा अभ्यास केला. विमान उतरताना धावपट्टीचं सगळं दृश्य एका केंद्रातून बाहेर फाकत असतं आणि ते केंद्र म्हणजे विमान जिथं चाललंय ती जागा, हे त्यानं दाखवलं. वैमानिक जागा आठवत नाही; समोरच्या हलत्या दृश्यातून ती क्षणाक्षणाला वाचतो. बंगळुरूत शिकलेले आणि ऑस्ट्रेलियात संशोधन केलेले मंड्यम श्रीनिवासन यांनी मधमाशीबद्दल २००० साली जे दाखवलं ते याहून सोपं आणि सुंदर आहे. माशी सपाट जागेवर उतरताना खालचं दृश्य डोळ्यांवरून एकाच वेगानं सरकत राहील इतकीच काळजी घेते. उंची कमी होईल तसा तिचा वेग आपोआप कमी होतो आणि टेकताना शून्याजवळ येतो. अंतर मोजावं लागत नाही, जागा लक्षात ठेवावी लागत नाही. पाणपक्ष्यांवर चेक आणि इतर संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तीन हजारांहून जास्त थवे पाण्यावर उतरताना नोंदले गेले. हे थवे बहुतेक करून उत्तर-दक्षिण अक्षाला धरून उतरत होते. एका दिशेनं उतरलं तर एकमेकांवर आदळणं टळतं, असं संशोधकांना वाटलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे की थव्याचं उतरणं वारा, दिशा, शेजारी आणि खालचं पाणी यांच्या मेळातून त्या घडीला ठरतं.

या वाचण्यात चूक झाली तर काय होतं तेही ठाऊक आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यात डिसेंबर २०११ च्या एका वादळी रात्री हजारो पाणडुबक्या बर्फानं झाकलेल्या पार्किंगच्या मैदानांवर उतरल्या. दिव्यांच्या उजेडात त्यांना ते पाणी वाटलं. कितीतरी आदळून मेल्या. वाचलेल्या उडू शकल्या नाहीत, कारण पाणडुबकीला पाण्यावर धावल्याशिवाय उड्डाण घेता येत नाही. तिथं पूर्वी पाणी असल्याची कसलीही आठवण त्यांना नव्हती. त्यांनी खालची चकाकी वाचली.

सगळ्यांत बोलका दाखला मात्र आपल्या घरचा आहे. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरलं आणि त्या जागेला ‘शिवशक्ती पॉइंट’ नाव मिळालं. नावामुळे असं वाटतं की इस्रोनं आधी एक बिंदू निवडला आणि यान नेमकं त्यावर टेकवलं. घडलं ते उलट. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये चांद्रयान-२ चा विक्रम लँडर कोसळला, त्याच्या कारणांत उतरण्याची जागा फार लहान ठेवल्याचं कारणही होतं, असं पुढं इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी समजावून सांगितलं. ५०० मीटर बाय ५०० मीटरचा चौकोन. इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा जास्त पडला, चुका साठत गेल्या, आणि त्या चौकोनाकडे जाण्यासाठी यान अखेरपर्यंत वेग वाढवत राहिलं. चांद्रयान-३ साठी हाच चौकोन ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर करण्यात आला. अखेरच्या टप्प्यात दीडशे मीटरच्या आसपास उंचीवर यान थबकलं, कॅमेऱ्यांनी खालचे दगड आणि खळगे पाहिले, आणि सुरक्षित जागा निवडून ते खाली आलं. बिंदू उतरण्यानंतर ठरला. २०२४ च्या जानेवारीत जपानच्या ‘स्लिम’ यानानं ठरवलेल्या बिंदूपासून शंभर मीटरच्या आत उतरून दाखवलं, ती थोर कामगिरी होती यात शंका नाही. पण एका इंजिनाचं नॉझल गळून पडल्यामुळे ते नाकावर कलंडलं. बिंदू साधला, उतरणं बिनसलं.

आता कायद्याच्या मुद्द्याला उत्तर द्यायला हवं, कारण तिथं पूर्वपक्ष खरा भक्कम आहे. हद्द नको असं माझं म्हणणं नाही. हद्द पुरेशी आहे, या समजुतीला माझा विरोध आहे. नाथसागरावर जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ पासून आहे. हद्द आहे म्हणून तिथं पाण्याची पातळी पक्ष्यांसाठी कुणी धरून ठेवत नाही, आणि रोहित तिथंही पाणी योग्य असेल तेव्हाच उतरतात. भरतपूरचं केवलादेव तर याहून कडू उदाहरण. तिथं १९८२ साली म्हशींच्या चराईवर बंदी आली, गावकऱ्यांशी संघर्ष झाला, गोळीबारात माणसं गेली. मग काय झालं? म्हशी खात होत्या ते गवत माजलं, त्यानं उथळ पाणी गिळलं, पक्ष्यांना उतरायला मोकळं पाणी उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासाचा निष्कर्ष निघाला की चराई त्या पाणथळीला उपकारक होती. पुढं पांचना धरणाचं पाणी अडलं आणि केवलादेव कोरडं पडत गेलं. कुंपण जसंच्या तसं उभं होतं. सायबेरियाचा खरा पाहुणा, सायबेरियन क्रौंच, २००२ नंतर तिथं उतरला नाही.

सुप्याच्या मयूरेश्वराशी तुलना इथंच तुटते. चिंकाऱ्याचं गवत जागचं हलत नाही. पाऊस कमी-जास्त झाला तरी माळ तिथंच असतो. म्हणून तिथं हद्द उपयोगी पडते. सुप्याचा धडा भिगवणला उचलून नेणं म्हणजे माळरानाचा कायदा पाण्याला लावणं. आणि कायद्याच्या हद्दीबाहेर पक्षी टिकत नाहीत हेही खरं नाही. इंदापूर तालुक्यातच भादलवाडीच्या तलावात पाण्यात उभ्या बाभळींवर चित्रबलाकांनी घरटी केली, आणि इंदापूर शहरात तहसील कचेरीच्या आवारातल्या चिंचांवरही केली. खाली माणसांची वर्दळ, वर बलाकांची पिलं. झाड उभं राहिलं आणि कुणी दगड मारला नाही, एवढ्यावर ते जमलं.

मासेमारीचं शास्त्र या बाबतीत पक्षीशास्त्राच्या पुढं आहे, असं मी म्हणेन. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था देशाच्या किनाऱ्यावर किती मासळी उतरते याचा अंदाज काढते, तेव्हा तिचं मोजमापाचं मूळ एकक नुसतं बंदर नसतं. एक केंद्र आणि एक दिवस मिळून ते एकक होतं. तेच बंदर दुसऱ्या दिवशी वेगळं एकक. उजनीच्या काठावर मासळी जिथं होडीतून उतरते ती जागाही महिन्यागणिक बदलते. चिलापीच्या पाट्या भिगवणच्या बाजारात पोचतात तेव्हा त्या कुठल्या काठावर उतरल्या होत्या हे पातळी सांगते. माणसांच्या उतरण्याचंही तेच. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. कायमचा धक्का बांधायचा तर कुठल्या पातळीला बांधायचा, असा प्रश्न सरकत्या काठावर पडतो; पुलाची मागणी त्यातूनच जोर धरते. पक्ष्यांची गणना करणाऱ्यांनी मात्र अजून ‘भिगवण’ एवढंच लिहायचं आणि संख्या टाकायची. पातळी लिहायची नाही. मग दोन वर्षांच्या संख्यांची तुलना करून पक्षी घटले की वाढले हे कसं ठरवणार? पातळीशिवायच्या आकड्याला मी पुरावा मानत नाही.

म्हणून मंडनाची बाजू. रोहिताची जागा सांभाळायची म्हणजे तळाचा मंद उतार आणि पातळीचा संथ उतार, या दोन गोष्टी सांभाळायच्या.

तळाच्या उताराचा पहिला शत्रू वाळूउपसा. यांत्रिक बोटी लावून रात्री जलाशयाच्या तळातून वाळू खेचली जाते. महसूल खात्याची पथकं बोटी जिलेटिननं उडवतात, काही दिवसांनी नव्या येतात. याकडे आपण बुडालेल्या महसुलाच्या नजरेनं पाहतो. उपशानं मंद उताराच्या जागी खोल खड्डे होतात, गाळाची थर-रचना मोडते, आणि पाणी त्या पातळीला येतं तेव्हा चरण्याच्या फितीत भोकं पडलेली असतात. अभयारण्याची हद्द कुंभारगावाशी आखली आणि उपसा हद्दीबाहेर दहा किलोमीटरवर चालू राहिला, तर मार्चमध्ये फीत जिथं सरकणार तिथंच ती तुटलेली असेल. मोटारींच्या चाऱ्यांचाही विचार हवा. शेतकऱ्याला पाणी नाकारायचं हा त्यावर तोडगा नव्हे. शंभर जणांच्या शंभर चाऱ्यांऐवजी गावानं मिळून एक चारी खोदली तर खर्चही वाचतो आणि गाळाचं मैदानही अखंड राहतं.

पातळीचा संथ उतार आवर्तनं ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या हाती आहे. इथं लगेच आक्षेप येतो: पक्ष्यांसाठी सोलापूरचं पाणी रोखायचं का? मुळीच नाही. तेवढंच पाणी एकदम न सोडता जास्त दिवसांत पसरून सोडता येईल का, एवढंच विचारायचं आहे. काठ रोज थोडा थोडा सरकला तर गाळात दडलेलं अन्न टप्प्याटप्प्यानं पक्ष्यांच्या पुढ्यात येतं. एकदम सरकला तर पट्टाच्या पट्टा उन्हात वाळून जातो. शिवाय उजनी ते सोलापूर समांतर जलवाहिनी पूर्ण क्षमतेनं चालली तर नदीचं पात्र भिजवण्यात जाणारं पाणी वाचेल, आणि ते वाचलेलं पाणी इंदापूर-करमाळ्याच्या शेतकऱ्यालाही हवंच आहे. या एका बाबतीत पक्षी, सोलापूरचा नळ आणि काठावरची मोटार यांचं हित एका बाजूला येतं. अभयारण्याच्या मागणीनं मात्र काठावरचा शेतकरी आणि मच्छीमार पहिल्याच दिवशी विरोधात उभे राहतात, कारण धरणानं त्यांच्या जमिनी एकदा घेतल्या आहेत आणि गाळपेरही जाईल अशी त्यांना भीती वाटते. ती भीती अनाठायी नाही.

माझं म्हणणं तपासायला काय लागेल तेही सांगतो. उन्हाळ्यात तळ उघडा पडतो तेव्हा त्याचा उतार मोजता येतो. पाणी नसलेल्या जागी सर्वेक्षण करायला होडीही लागत नाही. बारामतीला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, माळेगावला राष्ट्रीय अजैविक स्ट्रेस व्यवस्थापन संस्था आहे, इंदापूर आणि भिगवण परिसरात विज्ञान शिकणारी मुलं आहेत. दहा-बारा गावांसमोरचा तळ मोजून समान पातळीच्या रेषा काढल्या, डिसेंबर ते मे दर आठवड्याला पक्षी मोजले, आणि प्रत्येक नोंदीपुढं त्या दिवशीची धरणाची पातळी लिहिली, तर तीन वर्षांत चित्र स्पष्ट होईल. रोज सकाळी धरणावर पातळी नोंदली जातेच, ती मिळवायला पैसेही पडत नाहीत. तिन्ही वर्षांत पातळ्या वेगवेगळ्या असूनही थवे त्याच गटांत उतरलेले दिसले, तर पूर्वपक्ष खरा आणि हद्द आखावी. थवे पातळीच्या रेषेबरोबर सरकताना दिसले, तर अभयारण्याच्या प्रस्तावाऐवजी या नोंदींचा आराखडा कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत गेला पाहिजे, कारण आवर्तनांच्या तारखा तिथं ठरतात.